पुनर्बांधणीनंतर स्वनिर्मित विमानाची उड्डाणचाचणी : एक विवेचन

सारांश

हौशी व्यक्तींनी स्वतः बांधलेली विमाने हा आधुनिक विमानविद्येतील एक महत्त्वाचा प्रवाह आहे. अशा विमानाची मोठी दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी झाल्यानंतर ते पुन्हा आकाशात नेताना कोणत्या चाचण्या कराव्या लागतात, त्यामागील शास्त्रीय कारणे कोणती आणि त्यात मानवी विवेकाचे स्थान काय, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. पुनर्बांधणी झालेले विमान मालकाला ओळखीचे वाटते. तथापि चाचणीच्या दृष्टीने ते नवे विमान असते आणि जुन्या नोंदींतील प्रत्येक आकडा नव्याने सिद्ध करावा लागतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : स्वनिर्मित विमान, पुनर्बांधणी, उड्डाणचाचणी, गुरुत्वमध्य, स्टॉल, फ्लटर

प्रस्तावना

विमान म्हटले की सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर प्रचंड कारखाना, शेकडो अभियंते आणि कोट्यवधींची गुंतवणूक उभी राहते. परंतु विमानाचा जन्म कारखान्यात झालेला नाही. राईट बंधूंनी आपले पहिले यंत्रचलित विमान सायकलच्या दुकानात घडविले आणि डिसेंबर १९०३ मध्ये ते उडविले. हौशी बांधणीची ती परंपरा आजही जिवंत आहे. अमेरिकेत पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकी येथे ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश येथे १९७० पासून भरणारा तिचा वार्षिक मेळावा आज जगभरच्या विमानप्रेमींचे तीर्थस्थान बनला आहे.

अमेरिकी कायद्यानुसार ज्या विमानाचा बहुतांश भाग हौशी व्यक्तींनी केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा छंदासाठी बांधला आहे, त्याला ‘प्रायोगिक’ या वर्गात उड्डाणयोग्यतेचा विशेष दाखला मिळतो. ‘प्रायोगिक’ हा शब्द येथे अर्थपूर्ण आहे. कारखान्यात बनलेल्या विमानाची रचना शासनाने तपासून प्रमाणित केलेली असते व त्या रचनेबरहुकूम बनलेले प्रत्येक विमान सारखेच मानले जाते. स्वनिर्मित विमानाला असे कोणतेही पूर्वप्रमाण नसते. एकाच आराखड्यावरून दोघांनी बांधलेली दोन विमाने वजनाने, समतोलाने व स्वभावाने भिन्न निघू शकतात. म्हणूनच असे प्रत्येक विमान हा एक स्वतंत्र प्रयोग ठरतो.

हा प्रयोग एकदा यशस्वी झाला म्हणजे कायमचा संपला, असा समज मात्र घातक आहे. विमान वापरात येते, कधी उतरताना त्याचे चाक मोडते, कधी इंजिनाचे आयुष्य संपते, कधी ते दुसऱ्या मालकाकडे जाते. मग ते सोडवले जाते, दुरुस्त होते, रंगविले जाते व पुन्हा जोडले जाते. अशा पुनर्बांधणीनंतरच्या पहिल्या उड्डाणाचा विचार येथे करावयाचा आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) पुनर्बांधणीमुळे विमानाच्या गुणधर्मांत कोणते बदल संभवतात हे स्पष्ट करणे.
२) जमिनीवरील व आकाशातील चाचण्यांचा क्रम आणि त्यामागील कारणे विशद करणे.
३) या प्रक्रियेतील नियम आणि मानवी घटक यांचा परामर्श घेणे.

१. ओळखीचे विमान आणि अनोळखी गुणधर्म

नव्याने बांधलेल्या विमानाविषयी त्याचा निर्माता स्वाभाविकपणे साशंक असतो. प्रत्येक आवाजाकडे त्याचे लक्ष असते. पुनर्बांधणी झालेल्या विमानाची गोष्ट वेगळी असते. शेकडो तास उडालेले, ज्याच्या सवयी मालकाला तोंडपाठ आहेत असे ते यंत्र असते. आत बसण्याची जागा तीच, मुठीचा स्पर्श तोच आणि वहीत लिहिलेले वेगही तेच असतात. हीच ओळख धोक्याचे मूळ होय. कारण वहीतील आकडे ज्या विमानाचे होते, ते विमान आता तसेच्या तसे अस्तित्वात नसते.

पहिला बदल वजनाचा व समतोलाचा असतो. समजा, एका लहान विमानाचे रिकामे वजन ४८० किलो आहे व त्याचा गुरुत्वमध्य ठरावीक संदर्भरेषेपासून १.८० मीटर मागे आहे. मालकाने लाकडी प्रोपेलर काढून त्याजागी १५ किलो अधिक वजनाचा धातूचा प्रोपेलर बसविला आणि तो संदर्भरेषेपासून ०.३० मीटरवर आहे. आता एकूण आघूर्ण ८६४ अधिक ४.५ म्हणजे ८६८.५ होते, त्यास ४९५ ने भागले असता गुरुत्वमध्य सुमारे १.७५५ मीटरवर येतो. म्हणजे केवळ १५ किलोंमुळे तो साडेचार सेंटिमीटर पुढे सरकला. त्या विमानाची मान्य मर्यादा एकूण २० सेंटिमीटरची असेल, तर तिचा पाचवा भाग एका बदलातच खर्ची पडला. गुरुत्वमध्य फार पुढे गेल्यास उतरताना विमानाचे नाक वर उचलणे कठीण होते. फार मागे गेल्यास विमान अस्थिर होते आणि गिरकीत सापडल्यास त्यातून सुटणे अशक्य होऊ शकते.

दुसरा बदल वेगांचा असतो. पंखाचा हवेशी असलेला कोन एका मर्यादेपलीकडे वाढला की पंखावरील हवेचा प्रवाह फुटतो व उत्थापन कोसळते. या अवस्थेस ‘स्टॉल’ म्हणतात. सरळ व समतल उड्डाणात ही अवस्था ज्या वेगास येते, तो वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. वजन दहा टक्के वाढल्यास स्टॉलचा वेग सुमारे पाच टक्के वाढतो. उतरण्यासाठी सामान्यतः स्टॉलच्या वेगाच्या १.३ पट वेग राखला जातो. म्हणून मूळ आकडा चुकला तर त्यावर उभारलेला सुरक्षिततेचा हिशेबही चुकतो. दुरुस्तीत पंखाची पुढची कड किंचित बदलली, तर स्टॉलचा स्वभावही बदलतो. पूर्वी दोन्ही पंख एकदम खचत असतील, तर आता एक पंख आधी खचू शकतो.

तिसरा बदल सर्वांत सहज नजरेआड होणारा आहे, तो म्हणजे रंगाचा. एलेरॉन, एलिव्हेटर व रडर ही नियंत्रक पृष्ठे बिजागरीवर फिरतात. त्यांचे वजन बिजागरीभोवती संतुलित राहावे म्हणून अनेक विमानांत बिजागरीच्या पुढे शिशाचे किंवा लोखंडाचे प्रतिभार बसविलेले असतात. पुनर्बांधणीत जुन्या रंगावर नवा रंग चढविला की बिजागरीमागील भागाचे वजन वाढते व हे संतुलन ढळते. परिणामी विशिष्ट वेगास ‘फ्लटर’ सुरू होण्याचा संभव असतो. फ्लटर म्हणजे हवेचा भार, पृष्ठाचे जडत्व व रचनेची लवचीकता यांच्या परस्परक्रियेतून निर्माण होणारी आणि स्वतःच वाढत जाणारी थरथर. ती काही क्षणांत पृष्ठ उखडून टाकू शकते. केवळ सौंदर्यासाठी दिलेला रंगाचा एक थर विमानाच्या कमाल वेगाची मर्यादा खाली आणू शकतो, ही बाब पुनर्बांधणीचे स्वरूप समजून घेण्यास पुरेशी आहे.

एका सुट्या भागाच्या बदलाने काय घडू शकते याचे उदाहरण विमानविद्येच्या पहाटेच मिळाले. १७ सप्टेंबर १९०८ रोजी अमेरिकेतील फोर्ट मायर येथे ऑर्व्हिल राईट यांनी लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज यांना सोबत घेऊन उड्डाण केले. विमान तेच होते, मात्र त्यावर पूर्वीपेक्षा लांब असे नवे प्रोपेलर बसविलेले होते. उड्डाणात एका प्रोपेलरला तडा गेला, त्याच्या कंपनांमुळे रडरची आधारतार प्रोपेलरच्या फेऱ्यात आली आणि विमान कोसळले. सेल्फ्रिज यांचा मृत्यू झाला व ऑर्व्हिल गंभीर जखमी झाले. यंत्रचलित विमानाच्या अपघातातील तो पहिला मृत्यू होय. नव्या भागासह झालेल्या उड्डाणात प्रवासी बरोबर नसावा, या आजच्या नियमाचे महत्त्व त्या घटनेवरून ध्यानात येते.

२. नियमांची चौकट

अमेरिकेच्या संघीय विमानचालन प्रशासनाने स्वनिर्मित विमानांसाठी चाचणीचा ‘पहिला टप्पा’ बंधनकारक केला आहे. इंजिन व प्रोपेलर यांची जोडी प्रमाणित असल्यास किमान २५ तास, अन्यथा ४० तास उड्डाण करावयाचे, ही त्यातील रूढ अट आहे. हा काळ विमानाने विरळ वस्तीच्या व कमी हवाई रहदारीच्या नेमून दिलेल्या क्षेत्रातच घालवावा लागतो आणि प्रवासी नेता येत नाहीत. चाचणी पूर्ण झाल्यावर विमान सर्व नेहमीच्या वेगांत व हालचालींत नियंत्रणक्षम असून त्यात कोणताही घातक दोष नाही, असे विमानाच्या नोंदवहीत लिहून प्रमाणित करावे लागते. केवळ तास भरण्याऐवजी ठरावीक कार्ये पूर्ण करून हा टप्पा संपविण्याचा पर्यायही प्रशासनाच्या चाचणीविषयक मार्गदर्शिकेच्या २०२३ च्या आवृत्तीत समाविष्ट आहे.

पुनर्बांधणीच्या संदर्भात महत्त्वाची तरतूद अशी की, विमानात ‘मोठा बदल’ केला असल्यास मालकाने प्रशासनाला कळवून विमान पुन्हा पहिल्या टप्प्यात न्यावयाचे व किमान पाच तास चाचणी करावयाची. वजन, समतोल, रचनेची ताकद किंवा उड्डाणगुण यांवर लक्षणीय परिणाम करणारा बदल तो मोठा बदल. मोडलेला पंख मूळ आराखड्याप्रमाणेच दुरुस्त केला, तर कायद्याच्या अर्थाने तो बदल नव्हे, दुरुस्ती होय. येथे कायदा आणि विवेक यांच्यातील अंतर दिसून येते. दुरुस्त पंख कागदावर पूर्वीसारखा असतो. तो प्रत्यक्षातही तसा आहे की नाही हे कायदा सांगू शकत नाही. ते चाचणीनेच कळते. म्हणून कायद्याने सांगितलेले तास ही किमान मर्यादा मानून सुज्ञ मालक प्रत्येक मोठ्या दुरुस्तीनंतर स्वतःहून चाचणीचा पूर्ण क्रम पाळतो.

३. जमिनीवरील चाचण्या

उड्डाणचाचणीचा मोठा भाग जमिनीवरच पूर्ण होतो, हे विधान विरोधाभासी वाटले तरी यथार्थ आहे. त्यातील प्रमुख पायऱ्या पुढीलप्रमाणे सांगता येतील.

अ) दुसऱ्याच्या नजरेने तपासणी : ज्याने एखादा नटबोल्ट स्वतः बसविला त्याला तो घट्टच दिसतो. म्हणून ज्याचा बांधणीत सहभाग नव्हता अशा जाणकाराकडून संपूर्ण विमान तपासून घेणे आवश्यक ठरते. वर उल्लेखिलेल्या संस्थेने त्यासाठी तांत्रिक सल्लागारांची व्यवस्था उभी केली आहे.

आ) नियंत्रकांची दिशा : दांडी उजवीकडे नेली असता उजवा एलेरॉन वर व डावा खाली गेला पाहिजे. ‘सर्व पृष्ठे मोकळी हलतात’ एवढे पाहणे पुरेसे नाही. ती योग्य दिशेने हलतात हे पाहावे लागते. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी पोर्तुगालमधील अल्व्हेर्का येथे मोठ्या देखभालीनंतर उडालेल्या एका एम्ब्रेअर १९० जातीच्या विमानात एलेरॉनच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. विमानात सहा जण होते. वैमानिकांनी अत्यंत प्रयासाने, तिसऱ्या प्रयत्नात ते बेझा येथील धावपट्टीवर उतरविले. व्यावसायिक कार्यशाळेत, अनेक हातांखालून गेलेल्या प्रवासी विमानात हे घडू शकते, तर एकट्याने केलेल्या जोडणीत त्याचा संभव किती असेल, हे सांगणे नलगे.

इ) इंधनप्रवाह : इंधनटाकी, नळ्या किंवा झडपा यांना हात लागला असेल, तर प्रवाहाचे मापन अपरिहार्य ठरते. उंची घेताना विमानाचे नाक जितके वर असेल तितके ते जमिनीवर वर उचलून, नळीचे टोक इंजिनापाशी सोडवून ठरावीक वेळात किती इंधन येते ते मोजतात. गुरुत्वाने इंधन येत असल्यास उड्डाणावेळच्या कमाल गरजेच्या १५० टक्के व पंपाने येत असल्यास १२५ टक्के प्रवाह अपेक्षित असतो. इंजिनाची कमाल गरज ताशी ४० लिटर असेल, तर गुरुत्वपद्धतीत मिनिटाला एक लिटर इंधन मिळाले पाहिजे. जमिनीवर विमान समतल असताना उत्तम चालणारे इंजिन उड्डाणानंतर नाक वर होताच उपासमारीने बंद पडू शकते. ही चाचणी तो धोका आधीच उघड करते.

ई) प्रत्यक्ष वजन : जुन्या आकड्यांत बेरीज-वजाबाकी न करता विमान तराजूंवर चढवून प्रत्येक चाकाखालील वजन घेतले जाते व गुरुत्वमध्य नव्याने काढला जातो. रंगविलेली नियंत्रक पृष्ठेही याच वेळी सुटी करून संतुलित केली जातात.

उ) वायुवेगदर्शक : हवेचा दाब वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या पुनर्बांधणीत सुटतात, चिमटतात किंवा गळतात. त्यामुळे काटा चुकीचा वेग दाखवितो. पाण्याच्या साध्या दाबमापकाने नळ्यांची गळती व काट्याची चूक जमिनीवरच तपासता येते.

ऊ) इंजिन : नूतनीकरण झालेल्या पिस्टन इंजिनाच्या बाबतीत एक पेच उद्भवतो. पिस्टनच्या कड्या सिलिंडरच्या भिंतीशी नीट बसण्यासाठी पहिले काही तास इंजिन उच्च शक्तीवर चालावे लागते. जमिनीवर मंद गतीने दीर्घकाळ चालविल्यास ते तापते व सिलिंडरच्या भिंतीवर जळालेल्या तेलाचा गुळगुळीत लेप चढतो; मग कड्या कधीच नीट बसत नाहीत. विमानाची रचना सावकाश तपासावी अशी परिस्थितीची मागणी असते, तर इंजिनाला तातडीने पूर्ण शक्ती हवी असते. यावर उपाय म्हणजे ब्रेक, सुकाणू व नियंत्रक यांच्या चाचण्या इंजिन बसविण्यापूर्वी जितक्या आटोपता येतील तितक्या आटोपणे आणि जमिनीवर इंजिन चालविण्याची वेळ आखून घेणे.

धावपट्टीवर वेगाने धावून पाहण्याच्या चाचणीविषयी जाणकारांत मतभेद आहेत. तिच्यामुळे दिशानियंत्रण व ब्रेक यांची कल्पना येते हे खरे. परंतु अशा धावेत विमान अनपेक्षितपणे जमीन सोडते, वैमानिक घाबरून इंजिन बंद करतो आणि उरलेली धावपट्टी अपुरी पडते. म्हणून उड्डाणाची पूर्ण तयारी नसताना उड्डाणाच्या वेगाजवळ जाऊ नये, हा मध्यममार्ग योग्य वाटतो.

४. पहिले उड्डाण

पहिल्या उड्डाणाचा उद्देश मर्यादित असतो : विमान हवेत नेणे, ते नियंत्रणात आहे याची खात्री करणे व सुखरूप परत आणणे. त्यासाठी वारा शांत असलेली सकाळ, लांब धावपट्टी व आजूबाजूला उतरता येण्याजोगी मोकळी जमीन निवडली जाते. धावपट्टीलगत अग्निशामक साधनांसह एक-दोन प्रशिक्षित साहाय्यक असतात. रुग्णालयाचा व अग्निशमन दलाचा दूरध्वनी क्रमांक त्यांच्या हाती लिहिलेला असतो. प्रेक्षकांना मात्र निमंत्रण नसते. जमलेल्या मित्रमंडळींसमोर ‘आज नको’ असे म्हणणे किती अवघड असते, हे ध्यानात घेऊनच ही प्रथा पडली आहे.

उड्डाणापूर्वी वैमानिक काही निर्णय घेऊन ठेवतो. धावपट्टीच्या कोणत्या खुणेपर्यंत विमानाने जमीन सोडली नाही तर धाव थांबवायची, इंजिन कमी उंचीवर बंद पडल्यास समोर कोठे उतरायचे, कोणत्या उंचीनंतर मागे वळण्याचा विचार करायचा, हे सर्व आधी ठरलेले व लिहिलेले असते. कमी उंचीवर इंजिन बंद पडताच धावपट्टीकडे वळण्याची प्रेरणा अनावर असते. वळणात स्टॉलचा वेग वाढतो आणि अनेक वैमानिकांनी याच वळणात प्राण गमावले आहेत. संकटाच्या दोन-तीन सेकंदांत विचार करता येत नाही, आधी केलेला विचार फक्त आठवता येतो.

जमीन सोडल्यावर इंजिनाची शक्ती, फ्लॅपची व मागे घेता येणाऱ्या चाकांची स्थिती बदलण्याची घाई केली जात नाही. जे व्यवस्थित चालले आहे त्याला सुरक्षित उंची येईपर्यंत हात लावायचा नाही, असा संकेत आहे. विमान धावपट्टीच्या वरच फेऱ्या घेत काही हजार फूट उंची गाठते, जेणेकरून इंजिन बंद पडले तरी घसरत धावपट्टीवर परतता यावे. तेथे तेलाचा दाब व तापमान पाहिले जाते, हलकी वळणे घेतली जातात. नंतर वेग हळूहळू कमी करीत स्टॉलची पहिली चाहूल कोणत्या आकड्यावर लागते ते नोंदविले जाते. हा आकडा मिळविणे हे पहिल्या उड्डाणाचे सर्वांत मोलाचे फलित होय. काटा चुकीचा असला तरी हरकत नाही. त्याच काट्यावरील त्याच आकड्यात पुरेशी भर घालून विमान उतरविता येते. उतरल्यावर इंजिनावरील झाकण काढून गळती, सैल जोड व घासल्याच्या खुणा तपासल्या जातात आणि निरीक्षणे त्याच दिवशी लिहून काढली जातात.

५. पुढील टप्पे

त्यानंतरच्या उड्डाणांचे सूत्र एकच आहे : एका वेळी एकच गोष्ट बदलायची व तीही थोडी. ही पद्धत प्रयोगशाळेतील चलांच्या नियंत्रणासारखीच आहे. वेगदर्शकाची आकाशातील चूक काढण्यासाठी निरनिराळ्या दिशांना उड्डाण करून उपग्रहाधारित यंत्राने दाखविलेल्या जमिनीवरील वेगांवरून वाऱ्याचा परिणाम वजा केला जातो. उंची घेण्याचा सर्वोत्तम वेग, इंधनाचा खर्च व घसरण्याचे अंतर क्रमाने मोजले जाते. स्टॉल आधी सरळ, मग वळणात तपासला जातो. वजन वाढविताना व गुरुत्वमध्य मागे नेताना वाळूच्या पिशव्या वापरल्या जातात; माणूस वापरला जात नाही.

कमाल वेगाची चाचणी सर्वांत जपून करावी लागते. पुरेशा उंचीवर, हवाई छत्री बांधून, वेग थोडथोडा वाढवीत प्रत्येक पायरीवर दांडीला हलका धक्का दिला जातो व निर्माण झालेले कंपन लगेच शमते की रेंगाळते हे पाहिले जाते. कंपन शमण्यास पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागू लागला, तर तीच थांबण्याची खूण मानून वेग कमी केला जातो.

६. मानवी घटक

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ साली स्वनिर्मित विमानांच्या सुरक्षिततेविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार खासगी व हौशी वापराच्या एकूण विमानांत या विमानांचे प्रमाण सुमारे १० टक्के असले, तरी २०११ मधील अपघातांत त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के व प्राणघातक अपघातांत २१ टक्के होता. अभ्यासलेल्या २२४ अपघातांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांतील विमाने स्वतः न बांधता विकत घेतलेली होती. इंजिन व त्याच्याशी संबंधित यंत्रणांतील बिघाड आणि उड्डाणात नियंत्रण सुटणे ही प्रमुख कारणे आढळली. विमान बांधल्यानंतरचा प्रारंभीचा काळ आणि नव्या मालकाच्या हाती गेल्यानंतरचा प्रारंभीचा काळ असे दोन धोक्याचे कालखंड त्यातून पुढे आले.

दुसऱ्या कालखंडाचे ठळक उदाहरण म्हणजे गायक जॉन डेन्व्हर यांचा मृत्यू. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे उपसागरात त्यांचे ‘लाँग-ईझी’ हे विमान कोसळले. ते दुसऱ्याने बांधलेले होते व डेन्व्हर यांनी नुकतेच घेतले होते. मूळ आराखड्यात वैमानिकाच्या समोर असलेली इंधनटाकी बदलण्याची मूठ बांधणाऱ्याने त्याच्या डाव्या खांद्यामागे बसविली होती. तिच्यापर्यंत हात नेताना वैमानिकाचे लक्ष विचलित झाले व नकळत उजव्या रडरवर दाब पडला, असा चौकशीचा निष्कर्ष होता. मुठीची गैरसोयीची जागा, मापाच्या खुणा नसलेले इंधनदर्शक आणि या विशिष्ट विमानाचे अपुरे प्रशिक्षण ही पूरक कारणे नोंदविण्यात आली. डेन्व्हर अनुभवी वैमानिक होते; मात्र तो अनुभव या विमानाचा नव्हता.

यावरून चाचणीउड्डाण कोणी करावे हा प्रश्न उपस्थित होतो. ज्याने वर्षानुवर्षे रात्री जागून विमान पुन्हा उभे केले, त्याला पहिले उड्डाण स्वतः करावेसे वाटणे मानवी आहे. परंतु बांधणीच्या त्याच वर्षांत त्याचा उड्डाणाचा सराव सुटलेला असतो. शिवाय आपल्याच कामातील दोष मान्य करण्यास मन कचरते. इंजिनाचा वेगळा आवाज ‘होईल ठीक’ म्हणून दुर्लक्षिला जातो. म्हणून त्याच जातीच्या विमानावर ताजा सराव असलेल्या वैमानिकाकडे पहिले उड्डाण सोपविणे, किंवा स्वतः त्या जातीच्या दुसऱ्या विमानावर आधी प्रशिक्षण घेणे, हे दोन मार्ग सुचविले जातात. २०१४ पासून अमेरिकी प्रशासनाने काही अटींवर चाचणीकाळात दुसरा पात्र वैमानिक सोबत नेण्यास परवानगी दिली आहे. प्रवासी नको, पण जाणता सहकारी चालेल, असा हा सूक्ष्म भेद आहे.

७. महाराष्ट्रातील संदर्भ

स्वनिर्मित विमानाचा विषय महाराष्ट्राला सर्वस्वी परका नाही. वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवली येथील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. ते २०१६ साली मुंबईत भरलेल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात प्रदर्शित झाले. त्याची नोंदणी २०१७ साली झाली, उड्डाणाची परवानगी २०१९ साली मिळाली व २०२० साली धुळे येथील धावपट्टीवर त्याच्या चाचण्या झाल्या. प्रदर्शनापासून चाचणीपर्यंत लोटलेली ही वर्षे पाहता बांधणीइतकेच सिद्ध करण्याचे कामही प्रदीर्घ असते हे दिसून येते. शिवाय गच्चीवर बांधलेले विमान धावपट्टीपर्यंत न्यावयाचे म्हणजे ते सोडवून पुन्हा जोडणे आलेच. आणि प्रत्येक जोडणीबरोबर नियंत्रकांच्या दिशेपासूनची तपासणी नव्याने सुरू होते.

निष्कर्ष

१) पुनर्बांधणीनंतर विमानाचे वजन, समतोल, स्टॉलचा वेग व फ्लटरची मर्यादा बदलू शकते, म्हणून जुन्या नोंदी मार्गदर्शक मानाव्यात, प्रमाण मानू नयेत.
२) रंगकाम, नळ्यांची जोडणी यांसारख्या किरकोळ वाटणाऱ्या कामांचे परिणाम गंभीर असू शकतात.
३) दोष शोधण्याची सर्वांत स्वस्त व सुरक्षित जागा जमीन हीच आहे.
४) कायद्याने सांगितलेले चाचणीचे तास ही किमान अट आहे, मूळ आराखड्याबरहुकूम झालेल्या दुरुस्तीलाही चाचणीचा पूर्ण क्रम लावणे हिताचे आहे.
५) बांधणारा आणि परीक्षक या दोन भूमिका शक्यतो भिन्न व्यक्तींकडे असाव्यात.

समारोप

स्वनिर्मित विमानाच्या उड्डाणचाचणीकडे धाडसाचा विषय म्हणून पाहण्याची सवय आहे. प्रत्यक्षात ती ज्ञान मिळविण्याची एक शिस्तबद्ध रीत आहे. त्यात पूर्वीच्या माहितीवरचा हक्क सोडावा लागतो, प्रत्येक गृहीतक मोजून पाहावे लागते, मोजलेले लिहून ठेवावे लागते आणि आपल्या कामाचे परीक्षण दुसऱ्याच्या हाती द्यावे लागते. महाविद्यालयांतील भौतिकशास्त्राच्या व अभियांत्रिकीच्या अध्यापकांना गुरुत्वमध्य, दाबमापन, कंपन आणि मापनातील चूक हे विषय शिकविताना या उदाहरणाचा उपयोग करता येईल. परीक्षेत मापन चुकले तर गुण जातात. येथे वैमानिकाचे आणि खाली शेतात काम करणाऱ्या अनोळखी माणसाचे प्राण त्याच मापनावर अवलंबून असतात.